कोरी डीव्हीडी राइट होत नसेल तर

ड्राइव्ह बदलायची घाई करू नकोस. आधी ट्रेच्या तोंडावरचा छाप वाच. नुसतं 'डीव्हीडी-रॉम' असेल तर तो फक्त वाचतो. जुन्या लॅपटॉपमध्ये कॉम्बो ड्राइव्हही यायचा. तो डीव्हीडी वाचतो, राइट मात्र सीडीच करतो.

छाप बरोबर असेल तर एक कोरी सीडी घालून बघ. दोन्हींचे लेझर वेगळे: सीडीच्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या ६५०. सीडी नीट होते आणि दुसऱ्या कंपनीची डीव्हीडीही अडकते, तर डीव्हीडीचा लेझर थकला असण्याची शक्यता मोठी.

पण आपल्या गोव्यात पहिला संशय दमट हवेवर घ्यावा. फोंड्याला माझ्या घरी पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. एकदा जत्रेचं शूटिंग काही केल्या राइट होईना. ट्रे बाहेर ओढून बघितलं तर मण्याएवढ्या लेन्सवर धुरकट थर! लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेवरच असते, हे सोयीचं. लॅपटॉप पूर्ण बंद कर, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लाव आणि अगदी हलक्या हाताने पूस. दाबू नकोस, लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. पाचेक मिनिटं वाळू दे.

नंतर वेग ४एक्स (मूळ वेगाच्या चौपट) ठेवून राइट कर. आणि फाइलचा आकार बघ: ४.७ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४.३८ च दाखवते, त्यामुळे ४.५ ची फाइल तिच्यात मावणारच नाही.