दक्षिण महासागरावर निघण्याआधी

समुद्र आणि हवा यांच्यात कार्बन डायऑक्साइडची किती देवाणघेवाण होते ते जहाजावरून मोजायचंय, तर जळगावात बसून ध्रुवीय समुद्राची तयारी होते का, असं विचारलंस. होते रे भाऊ. सॉकॅटचा डेटा, म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागावर मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जगभरच्या नोंदींचा संग्रह, सगळ्यांना खुला आहे. तो उतरवून घे आणि तिकडच्या हिवाळ्याचे महिने उघडून बघ. तेव्हा जहाजं फारशी फिरकत नाहीत, म्हणून नकाशा ओकाबोका दिसेल. नुसत्या उन्हाळी आकड्यांवर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्यावर मग तूच विश्वास ठेवणार नाहीस.

या देवाणघेवाणीचं सूत्र छोटं आहे: पाण्यातल्या आणि हवेतल्या आंशिक दाबांची (म्हणजे त्या एकट्या वायूच्या दाबांची) तफावत, गुणिले विद्राव्यता (तो पाण्यात किती विरघळतो), गुणिले वायू-विनिमयाचा वेग (तो पाण्याचा पृष्ठभाग किती झपाट्याने ओलांडतो). हा वेग साधारण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे वाऱ्याची नोंद ढिली ठेवू नकोस.

खरी मेख तापमानात. पाणी १ अंशाने तापलं की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे ४ टक्के चढतो. ४०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरवर हे १६ झाले, आणि मोजायची तफावत कित्येकदा तेवढीच असते! गार पाणी जहाजाच्या नळीतून येताना तापतंच. म्हणून एक थर्मामीटर पाणी आत येतं तिथे, दुसरा इक्विलिब्रेटरमध्ये, म्हणजे पाण्यातल्या वायूचा दाब मोजायला पाणी आणि हवा जिथे एकत्र आणतात त्या भांड्यात. हवेची नळी नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून घे. धुराड्याचा धूर आला तर तेवढ्या नोंदी बाद.

सरावाला हतनूरच्या जलाशयावर जा, तेही मे महिन्यात. पाणी गोडं, आकडे समुद्राचे नसतील. पण आपल्या उन्हात नळीतलं पाणी किती तापतं ते कळेल. एडी कोव्हेरियन्सच्या, म्हणजे हवेच्या भोवऱ्यांतून वायूची ये-जा थेट मोजण्याच्या पद्धतीच्या, मागे मात्र इतक्यात लागू नकोस. डोलत्या जहाजाची हालचाल वजा करणं आणि बाष्पाचा घोळ निस्तरणं, हे वेगळंच दुखणं आहे.