स्लरीत कोरडं खनिज किती?

प्रश्न : एक लिटर स्लरीचं (पाणी आणि खनिजाचे बारीक कण यांच्या मिश्रणाचं) वजन १.३५ किलो भरतं आणि प्रवाह तासाला १०० घनमीटर आहे. त्यात कोरडं खनिज किती टन जातं?

उत्तर : त्यासाठी खनिजाची सापेक्ष घनता (ते पाण्याच्या किती पट जड आहे) हवी, ती २.८ धरू. वजनी घन टक्के (स्लरीच्या वजनात कोरड्या खनिजाचा वाटा) = १०० × २.८ × (१.३५ − १) ÷ [१.३५ × (२.८ − १)], म्हणजे ४०.३. तासाला स्लरी १३५ टन, म्हणून खनिज सुमारे ५४.४ टन, उरलेलं ८०.६ टन पाणी. २.८ ऐवजी ३.२ धरलंत तर टक्के ३७.७ वर येतात, तेव्हा ही घनता मोजूनच घ्या.

खरी चूक बहुधा नमुन्यात होते. फेसातली हवा वजन कमी दाखवते, नमुन्याच्या डब्यात वाळलेला गाळ जास्त. नमुना पूर्ण धारेला आडवा छेद देऊन घ्या. कारण नळाच्या तळाशी जाड कण साचतात. डबा भरून वाहिला तर तो नमुना टाकून द्या.