डुकराची चरबी, मांसाचा दर्जा आणि मायक्रोआरएनए

प्रश्न : आमचे छोटे वराहपालन आहे. डुकराची चरबी मायक्रोआरएनएमुळे ठरते, असे वाचनात आले. हे कसे घडते? त्याचा मांसाच्या दर्जाशी काय संबंध?
– एक वाचक, सासष्टी

उत्तर : मायक्रोआरएनए ही साधारण २२ न्यूक्लिओटाइडांची (आरएनएच्या घटक-अक्षरांची) आखूड साखळी असते. तिच्यापासून प्रथिन तयार होत नाही. ती एखाद्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याची सूचना नेणाऱ्या प्रतीला), बहुधा त्याच्या शेवटच्या भागात, चिकटते आणि त्या संदेशावरून होणारी प्रथिननिर्मिती मंदावते किंवा तो संदेशच नष्ट होतो. डुकराच्या चरबीपेशींवरील प्रयोगांत एमआयआर-१४३ हा मायक्रोआरएनए वाढवल्यावर पेशींत चरबी अधिक साठली, तर एमआयआर-२७ए वाढवल्यावर साठलेल्या चरबीचे विघटन वाढले. तरीही एकटा मायक्रोआरएनए चरबी ठरवतो, असे म्हणणे बरोबर नाही. एक मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर काम करतो आणि एका जनुकावर अनेकांचा प्रभाव असतो.

या सूक्ष्म रेणूची ताकद किती असते, ते बेल्जियमच्या टेक्सेल मेंढ्यांत स्पष्ट दिसले. स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकात, प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या भागात, या मेंढ्यांमध्ये डीएनएच्या अक्षरांपैकी ‘जी’च्या जागी ‘ए’ हे एकच अक्षर आलेले आहे. प्रथिनाची रचना त्यामुळे मुळीच बदलत नाही. मात्र स्नायूंत मुबलक असणाऱ्या एमआयआर-१ आणि एमआयआर-२०६ यांना तेथे चिकटायला नवी जागा मिळते, मायोस्टॅटिन कमी बनते आणि मेंढी मांसल होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन मला या विषयातील सर्वांत पटणारा पुरावा वाटते.

दर्जाचा प्रश्न मात्र चरबी कुठे साठते यावर अवलंबून आहे. पाठीवरची जाड चरबी कापून टाकावी लागते, तर स्नायूंच्या आत विखुरलेली चरबी मांसाला मऊपणा, रस आणि चव देते. लँड्रेससारख्या जातींत वर्षानुवर्षे पाठीची चरबी कमी करण्यासाठी निवड होत गेली आणि आतलीही चरबी घटली. चीनमधील लायवू जात मात्र आतल्या भरपूर चरबीसाठी प्रसिद्ध आहे. म्हणूनच पाठीवरच्या आणि स्नायूंतल्या चरबीपेशींतील मायक्रोआरएनएंची तुलना करणारे संशोधन मोलाचे आहे.

मायक्रोआरएनए वाढवण्याच्या नावाखाली कोणी खाद्य किंवा औषध विकायला आले, तर घेऊ नका. पैदाशीचा नर निवडताना त्याची वाढ, पाठीच्या चरबीची जाडी आणि शक्य असल्यास त्याच्या भावंडांच्या मांसाची तपासणी, हेच निकष आज उपयोगी आहेत.