‘मॅडम, तुम्हीच त्याला समजवा’

दृढीकरण संस्कार (बाप्तिस्मा झालेल्याची श्रद्धा पक्की करणारा कॅथोलिक विधी) होईपर्यंत मुलगा नियमित चर्चला येतो, आणि तो झाला की दिसेनासा होतो. भुसावळ, जळगाव, धुळे, कुठल्याही धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पालकांशी बोलायला बसा, पहिली तक्रार हीच. आणि पाठोपाठ: “आमचं ऐकत नाही, तुम्हीच त्याला समजवा.”

अशा घरांशी बोलणं हे माझं काम. मी मुलापासून सुरुवात करत नाही, घरापासून करते. आमच्या कामात काही जण याला मुलाला पाठीशी घालणं म्हणतात, म्हणोत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराची श्रद्धा त्याच्या एकट्याची कधीच नसते, ती घरातल्या बोलण्यात आणि न बोलण्यात गुंतलेली असते. चर्चची शिकवणही वेगळी नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं आहे. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग तासाभराचा, बाकी आठवडा घराचाच असतो.

पुढचं उदाहरण दोन-तीन घरांचं मिळून केलेलं आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. भुसावळचं रेल्वे क्वार्टर. वडील लोको पायलट, आई शिक्षिका, मुलगा अकरावीत. रविवारी सकाळी जळगावला क्लासची टेस्ट असते हे त्याचं कारण, पण टेस्ट नसली तरी तो अंथरुणातून उठेना. आईने नियम केला, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही तर मोबाइल नाही. मग तो यायचा, आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर गाड्यांपाशी उभा राहायचा.

एकटा भेटला तेव्हा म्हणाला, “क्लासमधला मित्र विचारतो, काय भो, तुमच्या चर्चमध्ये पण मूर्ती असतातच ना, मग आमच्यात-तुमच्यात फरक काय? आईला विचारलं तर म्हणे, असल्या वादात पडू नये. आजी वारली तेव्हा मी विचारलं, रोज माळ जपायची, मग देवानं तिचं ऐकलं का नाही? पप्पा उठून बाहेर गेले.”

“का गेले असतील?”

“त्यांना असले प्रश्नच पडत नाहीत, मॅडम. ड्युटी, मिस्सा, झोप.”

हे शेवटचं वाक्य मी धरून ठेवलं. पोरानं देव सोडलेला नव्हता. प्रश्न घेऊन तो घरात एकटा पडला होता आणि बापाच्या गप्प बसण्याचा त्याने स्वतःच एक अर्थ लावून टाकला होता.

वडिलांना मी एवढंच विचारलं, की त्या दिवशी उठून का गेलात. बराच वेळ ते हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, “त्याच्या काही महिने आधी माझ्या गाडीसमोर माणूस आला. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. एक्स्प्रेस जागच्या जागी थांबते का? त्यानंतर ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ तोंडाने म्हणायचो, आत काही नाही. पोराने विचारलं आणि वाटलं, हा माझाच प्रश्न.”

“हे त्याला सांगाल?”

“बापाचंच असं म्हटल्यावर त्याचा उरलासुरला विश्वास जाईल ना!”

ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात भेटते, आणि ती उलटी आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथातला २२२३वा परिच्छेद सांगतो, की आपल्या उणिवा मुलांपुढे मान्य करणारे पालक त्यांना वळण लावायला जास्त समर्थ होतात. वडिलांना मी हे वाचून दाखवलं. (अपघाताच्या ओझ्यासाठी त्यांना वेगळी मदत घ्यायला लावली, तो भाग मुलाच्या खांद्यावर टाकायचा नव्हता.)

पुढच्या वेळी दोघं समोरासमोर बसले. वडिलांनी अपघात दोन वाक्यांत सांगितला, प्रार्थना सुकली होती तेही सांगितलं. मुलगा पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला, “मग तुम्ही मिस्सेला जात का होतात?”

“तिथं कुणी काही विचारत नाही. गप्प बसता येतं. आणि मी नाही म्हटलं, तरी बाकीचे माझ्यासाठी म्हणतात.”

वर्षभराच्या वर्गात जे त्याच्यापर्यंत पोचलं नसतं ते त्या उत्तराने पोचलं, असं मी खात्रीने म्हणते. तो लगेच दर रविवारी यायला लागला नाही. पण बापाबरोबर यायचं कबूल केलं, तेही शनिवारी संध्याकाळी.

शनिवारचं पुष्कळांना माहीत नसतं. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारी मिस्सेला जाण्याचं कर्तव्य पूर्ण होतं, चर्चच्या कायद्याचं १२४८वं कलम तसं सांगतं. क्लास आणि शिफ्ट ड्युटीच्या घरांनी आधी आपल्या चर्चमधली वेळ विचारावी, मग भांडावं.

घरच्या प्रार्थनेत पाच दशकांची पूर्ण माळ लादू नका. एक दशक म्हणा, म्हणजे एकदा ‘हे आमच्या बापा’, दहा वेळा ‘नमो मरिया’, शेवटी ‘गौरव’ ही छोटी प्रार्थना. चार-पाच मिनिटांत होतं. वडील रात्रपाळीला असतील तर निघण्यापूर्वी म्हणा. माळ शिक्षा म्हणून कधीच नको, मुलं ते आयुष्यभर विसरत नाहीत. येत्या रविवारचं शुभवर्तमान (बायबलमधला येशूविषयीचा उतारा) शनिवारी जेवताना एकाने वाचावं, आणि दुसऱ्याने ‘मला यातलं काय पटत नाही’ ते सांगावं. सुरुवात आईने किंवा वडिलांनीच करायची. ‘तुला काय कळलं?’ असं विचारलंत की ती परीक्षा होते.

उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, फादरांना विचारू’ म्हणा आणि त्याच आठवड्यात खरंच विचारा. मूर्तीचा प्रश्न अवघड नाही: कॅथोलिक मूर्तीची आराधना करत नाहीत, ती ज्याची आहे त्याचा मान राखतात, आराधना फक्त देवाची. एवढं सांगता आलं असतं तर हा मुलगा क्लासमध्ये खाली मान घालून बसला नसता.

पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, काय सांगितलंस, हे गमतीनेही विचारू नका. आणि धर्मपित्याला, म्हणजे दृढीकरणात मुलाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला, कामाला लावा. दृढीकरणाच्या दिवशी पाकीट आणि केक देऊन त्याचं काम संपत नाही. जे आईवडिलांशी बोलता येत नाही ते मुलं मामा-काकाच्या वयाच्या माणसाशी बोलतात.

बारावीनंतर पोरं पुण्या-नाशिकला हॉस्टेलला जातात. सोडायला जाल तेव्हा मेस बघता, तसं जवळचं चर्चही बघा. मिस्सेच्या वेळा लिहून घ्या, पहिल्या रविवारी बरोबर जा, फादरांशी ओळख करून द्या. नंतर फोनवर पहिलं वाक्य ‘मिस्सा झाली का?’ हे नको. जेवलास का विचारा, मग शनिवारी घरी वाचलेलं शुभवर्तमान आणि त्यातलं तुम्हाला काय पटलं नाही ते सांगा.