एएमएच ०.६ आहे, पहिल्या आयव्हीएफला दोनच एग्ज मिळाली, आता डोस वाढवावा का?

तुम्ही लिहिलंय वय ३७, रोजच्या इंजेक्शनच्या ३०० युनिटवर दोनच एग्ज आली आणि आता डॉक्टर ४५० करू म्हणताहेत. मी डॉक्टर नाही हो, पण याच रांगेत बसून आलेय, ३८ व्या वर्षी, एएमएच (अंडाशयात एग्ज किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.५.

माझी पहिली सायकल ४५० चीच होती. रोज रात्री नऊला नवरा ओट्यापाशी उभा राहून पावडरच्या बाटलीत पाणी सोडायचा आणि कफ सिरपसारखी खळखळ हलवायचा (तशी हलवायची नसते, तळव्यात हळू फिरवायची, हे चौथ्या दिवशी नर्स ओरडली तेव्हा कळलं) आणि मी पोटावर कालचा निळा डाग सोडून जागा शोधायची. सोनोग्राफीत डॉक्टर फॉलिकल्सचे (एग ज्यात वाढतं त्या छोट्या पिशव्या) मिलीमीटरमधले आकडे सांगायच्या, उजवीकडे अठरा, सोळा, डावीकडे अकरा, आणि माझा सगळा जीव त्या अकरावर. पिकअपला, म्हणजे एग्ज बाहेर काढली तेव्हा, दोनच.

मग कुठे डोक्यात शिरलं की त्या महिन्यात जेवढी फॉलिकल्स तयार असतात तेवढीच इंजेक्शनने वाढतात, नवीन काही बनत नाहीत. पाळीच्या दुसऱ्या दिवशी चारच दिसत असतील तर ४५० घ्या नाहीतर ६००, फरक फक्त बिलात. एश्रे म्हणून वंध्यत्वाच्या उपचारांवरची युरोपातली संस्था आहे, तिच्या गाईडलाईनमध्येही आपल्यासारख्या केसला ३०० च्या वर जाऊ नका असंच आहे.

दुसऱ्यांदा माइल्ड केलं, म्हणजे पाच दिवस लेट्रोझोलच्या गोळ्या, सोबत १५० ची इंजेक्शनं आणि एग्ज आधीच फुटू नयेत म्हणून शेवटी अँटागोनिस्ट. तीन मिळाली. म्हणून माइल्ड भारी असं मी म्हणणार नाही, तो त्या महिन्याचा योग, पण औषधांचा खर्च निम्म्याहून कमी झाला आणि त्या पैशात तिसरी सायकल बसली.

ती तिसरी ड्युओस्टिम. पिकअपनंतर चारपाच दिवसांत पुन्हा इंजेक्शनं, एकाच महिन्यात दोन पिकअप. यात एम्ब्रिओ फ्रीझच करावे लागतात आणि दुसऱ्या पिकअपपर्यंत माणूस पार थकतो, पण वय हातातून निसटत असेल तर विचारून बघा. डीएचईए (एका हार्मोनच्या गोळ्या) मीही तीन महिने खाल्लं, फायदा माहीत नाही, पिंपल्स मात्र कॉलेजसारखे आले. ग्रोथ हार्मोन महाग आणि पुरावा कच्चा, मी नाही म्हटलं.

आणि हो, डोसवर भांडायच्या आधी मागच्या सायकलची फाईल मागून घ्या आणि ट्रिगरच्या (पिकअपआधी एग्ज पिकवायचं शेवटचं इंजेक्शन) दिवशी किती फॉलिकल्स मोठी होती ते बघा. दोनच होती आणि दोन एग्ज आली तर ठीक, पण पाच असून दोनच आली असतील तर प्रश्न डोसचा नसेलही, ट्रिगर कुठलं दिलं, किती वाजता घेतलं आणि पिकअप किती तासांनी झालं हे आधी विचारा.