रात्री दीडचा मसुदा

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

मीटिंगमध्ये तुझा टीम लीडर तुला बोलला, त्याला उत्तर म्हणून लिहिलेला तुझा मेलचा मसुदा सकाळी चहाबरोबर वाचला. लिहिलास रात्री दीडला, सीसीमध्ये अकरा जण. 'सगळ्यांसमोर बोलला ना, मग उत्तरही सगळ्यांसमोरच मिळेल,' असं मला वर कळवलंस आणि खाली 'गनस्मोक' या जुन्या अमेरिकन वेस्टर्न मालिकेतल्या एका दृश्याची लिंक चिकटवलीस. डॉज सिटीचा मोकळा रस्ता, लांबवर एक माणूस, आणि त्याच्यासमोर मार्शल मॅट डिलन. म्हणजे डिलन तू, आणि तो बिचारा लांबचा माणूस तुझा टीम लीडर. बरं.

मालिका मलाही आवडते. १९५५ ते १९७५, ६३५ भाग, आणि तो ताडमाड जेम्स आर्नेस. पण दृश्य पुन्हा बघ. पिस्तूल आधी समोरचा उपसतो, डिलनचा हात नंतर हलतो आणि तरी डिलनच उभा राहतो. म्हणजे नायकाने सुरुवातही केली नाही आणि हरलाही नाही. नील्स बोर या शास्त्रज्ञाला असले सिनेमे भारी आवडायचे. प्रतिक्रिया म्हणून झालेली हालचाल ठरवून केलेल्या हालचालीपेक्षा जलद असते, असं त्याचं म्हणणं. खेळण्यातली पिस्तुलं घेऊन सहकाऱ्यांबरोबर त्याने ते करूनही पाहिलं. २०१० मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी हे मोजलं. हालचाल सुमारे २१ मिलिसेकंदांनी जलद निघाली, पण समोरचा हलला हे कळायलाच सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. हिशेब तूच कर. डिलन पहिल्याच भागात गेला असता.

प्रत्यक्षात भर चौकातली अशी समोरासमोरची झुंज फार विरळा. त्यातली एक मात्र पक्की नोंदलेली आहे : २१ जुलै १८६५, स्प्रिंगफील्ड, मिसुरी. वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट. दोघांची आधी मैत्री होती. भांडण पत्त्यांतल्या उधारीचं. टट म्हणे ३५ डॉलर, हिकॉक म्हणे २५. टटने हिकॉकचं घड्याळ टेबलावरून उचललं. ते घालून चौकात फिरू नकोस, असं हिकॉकने चारचौघांत बजावलं. झालं! आता टटला घड्याळ घालून फिरणं भागच होतं, आणि हिकॉकला त्याला अडवणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमारे ७५ यार्डांवरून दोघांनी गोळ्या झाडल्या. टटची चुकली, हिकॉकची छातीत बसली. खटला झाला, हिकॉक सुटला. दहा डॉलरचा फरक कुणाच्या हिशेबात होता, हा प्रश्न तोवर कुणाला उरलाच नव्हता.

मालिकेत एक माणूस गाळलेला असतो, आणि मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल. जुन्या द्वंद्वात प्रत्येकाच्या बाजूने एक मित्र असे, त्याला 'सेकंड' म्हणत. पिस्तूल भरणं, पावलं मोजणं ही त्याची नंतरची कामं. आयर्लंडमध्ये क्लॉनमेल इथे १७७७ मध्ये द्वंद्वाचे नियम ठरले, त्यात सेकंडांनी भेटीआधी समेटाचा प्रयत्न केलाच पाहिजे असं लिहिलं आहे. आणखी एक कलम तर खास तुझ्यासाठी : आव्हान रात्री पोचवू नये, कारण डोकं तापलेलं असताना काही करणं टाळलेलं बरं. (समोरचा उजाडायच्या आत गाव सोडणार असेल, तर तेवढी सूट. तुझा टीम लीडर कुठे जाणार आहे?) डोकी उडवायला निघालेल्या माणसांनाही एवढा पोच होता.

अब्राहम लिंकनचंही असंच झालं होतं. १८४२ मध्ये त्याने टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्र लिहून इलिनॉय राज्याचे ऑडिटर जेम्स शील्ड्स यांची यथेच्छ टर उडवली. शील्ड्सनी आव्हान दिलं. हत्यार निवडायचा हक्क लिंकनचा; त्याने घोडदळाच्या लांब तलवारी मागितल्या, हात लांब होते ना! इलिनॉयमध्ये द्वंद्वाला बंदी, म्हणून मंडळी मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर गेली. तिथे मित्र मधे पडले, बोलणी झाली आणि सगळे धडधाकट परतले. पुढे लिंकनला तो विषय काढलेलाही खपत नसे. शील्ड्स मात्र यादवी युद्धात त्याच्याच सैन्यात ब्रिगेडियर जनरल होते.

तर तुझा सेकंड मी. तू मला नेमलेलं नाहीस, पण मसुदा पाठवलास तेव्हाच ते झालं. सोमवारपर्यंत मेल जाणार नाही. सीसीतली अकराही नावं आत्ता काढ. राग ओसरल्यावर काढायला जड जातात, तेव्हा ती माघार वाटते. सोमवारी सकाळी त्याला एकट्याला खाली टपरीवर ने. 'मीटिंगमध्ये तुम्ही जे बोललात ते मला लागलं,' एवढं एकच वाक्य म्हण आणि चहा संपेपर्यंत गप्प बस. त्याला काय म्हणायचंय ते ऐकून मला फोन कर. त्यानंतरही मेल हवाच असेल तर आपण दोघं बसून लिहू, आणि चांगला कडक लिहू.

आणि एक राहिलं. त्याने सगळ्यांसमोर दाखवलेली ती आकड्यांची चूक तुझ्या तक्त्यात खरंच होती का? एवढ्या लांब मेलमध्ये तेवढंच कुठे दिसलं नाही. तक्ता मला आजच पाठव.