युरोपातल्या मोठ्या औद्योगिक प्रदेशात पर्यटन आणि वाहतूक नेमकी कशी वाढत जाते?

जर्मनीतल्या रुर भागाचं उदाहरण घेतो, कारण तिथला क्रम उलटा आहे. वाहतूक आधी आली, तीही कोळशासाठी. पर्यटन त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी, तिच्याच उरलेल्या रुळांवर आणि सांगाड्यांवर उभं राहिलं.

रुर हे एक शहर नाही. ड्युसबुर्ग, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड धरून 53 शहरं-गावं एकमेकांना चिकटलेली आहेत, वस्ती 50 लाखांवर. 1847 मध्ये कोलोन-मिंडेन रेल्वे एमशर नदीच्या अंगाने पूर्व-पश्चिम गेली. पुढे 1862 मध्ये दुसऱ्या कंपनीने एसेन-बोखुमवरून तिला जवळजवळ समांतर मार्ग टाकला. त्यामुळे आजही डॉर्टमुंडहून ड्युसबुर्गला जाणं सोपं, पण उत्तर-दक्षिण जायचं म्हटलं की गाड्या बदलत बसा.

ट्रामची गंमत वेगळीच. एसेन आणि बोखुमच्या ट्राम एक मीटर रुंदीच्या रुळांवर धावतात, ड्युसबुर्ग आणि डॉर्टमुंडच्या 1435 मिलिमीटरच्या. एका शहराची ट्राम शेजारच्या शहरात शिरायची तरी कशी? सगळीकडे एकच रुंदी करून भुयारी जाळं विणायचं ठरलं होतं, पण पैसे पुरले नाहीत आणि तुकडेच राहिले. म्युल्हाइम-एसेन हा यू18 क्रमांकाचा मार्ग त्यातलाच एक तुकडा, ए40 महामार्गाच्या मधोमध धावणारा. रुळांचं जमलं नाही तरी तिकिटाचं जमलं: 1980 पासून व्हीआरआर या संयुक्त संस्थेचं एकच तिकीट ट्राम, बस आणि लोकल रेल्वेला चालतं. माझ्या मते या प्रदेशाला नव्या रुळांपेक्षा याचाच जास्त फायदा झाला.

आता पर्यटन. एसेनची त्सोलफेराइन कोळसाखाण 1986 च्या डिसेंबरात बंद पडली. ती पाडून भंगारात काढण्याऐवजी राज्य सरकारने ताब्यात घेऊन जपली. 1989 ते 1999 अशी दहा वर्षं एमशर पट्ट्यात एक बांधकाम-प्रदर्शन चाललं. प्रदर्शन नावापुरतं, खरं काम जुन्या कारखान्यांना नवा वापर शोधून देण्याचं. ड्युसबुर्गचा पोलाद कारखाना उद्यान झाला आणि त्याच्या जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करू लागले. ओबरहाउझेनची 117 मीटर उंच गॅसटाकी प्रदर्शनाची जागा झाली. 2001 मध्ये त्सोलफेराइन जागतिक वारसा यादीत गेलं. 2010 मध्ये एसेन आणि सगळा रुर युरोपची सांस्कृतिक राजधानी होता. त्या जुलैत एका रविवारी ए40 वरची मोटारवाहतूक थांबवून एका बाजूला सुमारे 60 किलोमीटर लांब टेबलांची रांग मांडली, दुसरी बाजू सायकलींना दिली. एरवी याच रस्त्यावर रोजची कोंडी.

सगळ्यात अवघड काम एमशर नदीचं होतं. खाणकामाने जमीन खचत होती, काही ठिकाणी 20 मीटरहून जास्त. जमिनीखाली गटारं टाकली असती तर फुटली असती, म्हणून शहरांचं सांडपाणी शंभरेक वर्षं सरळ नदीत, उघड्यावर वाहत होतं. अशा काठाला पर्यटक कशाला फिरकेल? त्या भागातल्या खाणी थांबून जमीन स्थिरावल्यावर, 1992 पासून डॉर्टमुंड ते डिन्सलाकेन 51 किलोमीटरची भूमिगत वाहिनी आणि तिला लागणारं बाकीचं काम हाती घेतलं. नदीत सांडपाणी सोडणं 2021 च्या अखेरीस थांबलं. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या घरात.

कोळसा आणि खनिज वाहणाऱ्या मालगाड्यांच्या रेल्वे-फाट्यांचे सायकलमार्ग झाले. मालगाडीला चढ सोसत नाही, म्हणून या वाटा सपाट आणि बऱ्याच ठिकाणी पुलांवरून रस्ता ओलांडणाऱ्या. बोखुमच्या याहरहुंडर्टहाले सभागृहापासून निघणारी एर्त्सबानट्रास ही त्यातली चांगली वाट.

जाणार असाल तर एसेन मुख्य स्थानकावरून 107 क्रमांकाची ट्राम धरा, ती त्सोलफेराइनच्या दारात सोडते. कोळसा धुण्याच्या इमारतीला बाहेरून 58 मीटरचा सरकता जिना लावलाय, कडा नारिंगी उजळलेल्या. तो 24 मीटर उंचीवरच्या मजल्यावर, रुर संग्रहालयाच्या दारात नेतो. खाणीत उतरायला मिळेल या आशेने बरेच जण येतात आणि हिरमुसतात. इथलं भूगर्भ लोकांना बंद आहे. बोगद्याचा अनुभव हवा असेल तर बोखुमच्या खाण-संग्रहालयात जा. तिथे सुमारे 20 मीटर खाली मुद्दाम तयार केलेले बोगदे आहेत आणि यू35 चं स्थानक दारातच.

तिकिटात लोक दोन ठिकाणी फसतात. देशभर चालणारं डॉइचलँडटिकेट हे मासिक वर्गणीचं आहे (2023 मध्ये 49 युरोला आलं, 2025 मध्ये 58, त्यानंतर आणखी वाढ). ज्या महिन्याअखेर बंद करायचं, त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. आणि ते आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. त्याच फलाटावर लोकल आणि पांढरी आयसीई पाठोपाठ येतात, तेव्हा पाटीवर आरई, आरबी किंवा एस ही लोकल गाड्यांची अक्षरं बघूनच चढा. सायकल सोबत असेल तर तिचं तिकीट वेगळं काढा.